मेहुण्याचं मागणं

निवडून आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी हार घालतात आणि मग कोंडून ठेवतात. हॉटेल चांगलं असतं, जेवण पोटभर असतं, म्हणून त्याला कोंडणं म्हणायचं नाही, छावणी म्हणायचं. खासदार पन्नास, बहुमत कुणालाच नाही, आणि पंतप्रधान निवडायचा तो या पन्नास जणांनीच. मग राजधानीतली, म्हणजे होनियारातली, दोन मोठी हॉटेलं दोन बाजू वाटून घेतात आणि मतदानाच्या दिवसापर्यंत आपापली डोकी राखत बसतात. ज्याच्या हाती ससा तो पारधी. त्या वर्षी आम्ही ससे होतो.

मी तर नुसती सशाची बायको, पण मलाही आत घेतलं होतं. एकटा नवरा भिंतीवरून उडी मारून पलीकडच्या छावणीत जातो, बायको बरोबर असली की जात नाही, असा इथल्या पक्षांचा अनुभव आहे. आमची छावणी बेट एकजूट पक्षाची. पलीकडे, बाजाराच्या अंगाला, नवी पहाट आघाडीची. दोघांत फरक काय असं मला विचाराल, तर एकजूटवाल्यांचे शर्ट हिरवे होते आणि पहाटवाल्यांचे पिवळे. याहून जास्त फरक मला तरी दिसला नाही, आणि मी डोळे उघडे ठेवून बघत होते.

आल्या दिवशीच आमचे फोन एका प्लास्टिकच्या डब्यात जमा झाले. "बाहेरची कटकट कशाला, वहिनी, आराम करा," डग्लस म्हणाला. डग्लस मानेलो हा छावणीचा कारभारी. सगळ्या बायकांना वहिनी म्हणणारा, सगळ्या म्हाताऱ्यांना काका म्हणणारा, आणि फाटकाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणारा. सुपारी खायलाही त्याने बंदी केली होती, पांढऱ्या फरशीवर पिंका पडतात म्हणून. जन्मभर सुपारी-चुना खाल्लेल्या माणसांनी दिवसभर नुसती तोंडं चाळवायची. बायका पत्ते खेळत, पुरुष एकमेकांवर नजर ठेवत, आणि जेवायला रोज तळलेली कोंबडी. मला माझ्या मळ्यातल्या रताळ्यांची आठवण येऊन रडू यायचं. समुद्र भिंतीपलीकडेच होता, पण खोलीची खिडकी उघडत नव्हती. काचेतून समुद्र बघायचा, वारा नाही, वास नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

माझा नवरा सिलास हा आमच्या बेटावरच्या दवाखान्यात नर्स. तिथे डॉक्टर नाही, त्यामुळे लोक त्यालाच डॉक्टर म्हणत. छावणीतही त्याने आपलं काम सोडलं नाही. सकाळी उठून खासदारांचा रक्तदाब बघायचा, निम्म्यांना गोड खाऊ नका म्हणून सांगायचा, आणि ते खायचेच. मी चिडचिड करायला लागले की तो एवढंच म्हणायचा, "मिरियमच्या आई, थोडं सोस." मग मी पत्त्यांकडे वळायचे.

मिरियम आमची एकुलती एक लेक. पहिल्या बाळंतपणात अडली. सिलासने हातात होतं तेवढं सगळं केलं, पण पोट चिरायचं तर मोठ्या बेटावर न्यायला हवं होतं, आणि दवाखान्याला इंजिनाची बोट नव्हती. जहाज येईल तेव्हा येईल. शेवटी माझ्या भावाने तिला वल्ह्याच्या होडीत घातलं आणि चार माणसं घेऊन निघाला. अर्ध्या समुद्रात ती गेली. त्याने होडी वळवली आणि तिला परत आणलं. खड्डा त्याने स्वतः खणला, कुणाला हात लावू दिला नाही. आमच्यात मूल आईच्या कुळाचं असतं, आणि आमच्या कुळात थोरला तोच. मिरियम माझी होती तशीच कुळाच्या नात्याने त्याचीही लेक होती. त्याचं नाव मी घेत नाही. बहिणीने भावाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून इथेही दादाच म्हणेन.

सिलास निवडणुकीला उभा राहिला तो या एका बोटीसाठी. पक्ष नाही, बॅनर नाही. गावागावात जाऊन सांगायचा, मला मत द्या, दवाखान्याला बोट आणतो. सगळ्यांना मिरियम ठाऊक होती. तो निवडून आला, आम्ही जहाजातून उतरलो, आणि धक्क्यावरच डग्लस हिरवा शर्ट घालून उभा. आरोग्य खातं तुमचं, बोट पहिल्याच महिन्यात, तो म्हणाला. सिलासने त्याला शब्द दिला. माझा नवरा एकदा दिलेला शब्द मागे घेत नाही, हा त्याचा गुण आहे. कधी कधी मला तो दुर्गुणच वाटतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी, सकाळची प्रार्थना आटपून आम्ही बाहेर येतोय तोच फाटकापाशी गलका झाला. डग्लस धावत माझ्याकडे आला. पिवळ्या शर्टवाल्यांची गाडी आली होती, आणि गाडीतून माझा भाऊ उतरला होता. सिलाससाहेबांना भेटायचं म्हणतोय, डग्लस म्हणाला, आणि त्याच्या हातात सुपारीचा घड आहे. सुपारीचा घड, हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

डग्लस दुसऱ्या बेटाचा, त्याला काही कळेना. मी त्याला समजावलं. आमच्याकडे बायकोचा भाऊ सुपारीचा घड घेऊन समोर उभा राहिला आणि त्याने काही मागितलं, तर नाही म्हणता येत नाही. घर मागो, होडी मागो, जीव मागो. बायको त्याच्या कुळाची, मुलं त्याच्या कुळाची, राहायची जमीन त्याच्या कुळाची. नाही म्हटलंस तर उभा कुठे राहशील? म्हणूनच शहाणा मेहुणा सहसा काही मागतच नाही. दादाने इतक्या वर्षांत सिलासकडे कधी वल्हंसुद्धा मागितलं नव्हतं.

डग्लसने डोकं खाजवलं. "मत तर गुप्त असतं, वहिनी. साहेबांनी त्यांना हो म्हणावं आणि मत आपल्याला टाकावं."

"तुमच्याकडे मेहुण्याला असं फसवतात?"

"मेहुण्याला नाही," तो म्हणाला. "पक्षाला फसवतात."

दुसरी वेळ असती तर मी हसले असते. मी सिलासला शोधायला आत गेले. तो खोलीत होता आणि रविवारचा शर्ट चढवत होता. त्याला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. डग्लस माझ्या मागून आला आणि म्हणाला की स्वयंपाकघराच्या मागे होडी लावून ठेवली आहे, साहेबांनी तासाभरासाठी समुद्रात फेरी मारून यावं, मेहुणे कंटाळून जातील.

"चोर आहे का मी?" सिलास म्हणाला. "म्हातारा माणूस उन्हात उभा आहे."

मी डग्लसला बाहेर काढलं आणि दार लावलं. सिलासला म्हटलं, तो पहाटवाल्यांसाठी मत मागणार. तो म्हणाला, मागू दे. मी विचारलं, मग बोट? त्यावर तो गुंड्या लावत राहिला.

"लपलो तर त्याची अब्रू जाते, भेटलो तर बोट जाते," तो म्हणाला. "तूच सांग, मिरियमच्या आई. मला सुचत नाही."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये माझा नवरा शर्टाच्या गुंड्या लावतोय. मला त्याचा राग आला नाही. राग आला तो दादाचा. असा राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता. ज्या हातांनी माझ्या लेकीला मातीत ठेवलं, त्याच हातात सुपारी घेऊन हा माणूस तिची बोट पिवळ्या शर्टवाल्यांना विकायला आला होता. काय दिलं असेल त्याला? छपराचे पत्रे? दारू तो पीत नाही. की नुसतंच कुणी मोठ्या गाडीत बसवलं म्हणून पाघळला?

त्याला विचारायचं म्हटलं तरी मार्ग नव्हता. वयात आल्यावर आमच्यात भाऊ-बहीण समोरासमोर बोलत नाहीत. काही सांगायचं तर भावजयीच्या तोंडून, नाहीतर तो अंगणात येऊन कुत्र्याशी बोलतो आणि मी आतून चुलीशी बोलते, असं आमचं सगळं आयुष्य नीट चाललं होतं. भावजय लिडिया होनियारात आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं. फोन डग्लसच्या डब्यात. या छावणीने माझं तोंडच काढून घेतलं होतं.

एकच गोष्ट माझ्या हातात होती. बहीण वाटेवर बसली तर भाऊ तिला ओलांडून जाऊ शकत नाही. जुन्या काळी मारामाऱ्या अशाच थांबवत. बायका मध्ये जाऊन बसत, आणि भाले घेऊन आलेले भाऊ मागे फिरत. पण ते झालं की भाऊ आणि बहीण एकमेकांना मेले. नजरेला पडायचं नाही, एका गावात राहायचं नाही, जोवर डुक्कर आणि शिंपल्यांच्या माळा देऊन ते मिटवलं जात नाही. माझी एक मावशी अशी बसली होती. ती पुढे मिशनच्या गावात जाऊन राहिली आणि तिथेच मेली. मला हे सगळं ठाऊक होतं. तरीही मी सिलासच्या आधी खोलीतून बाहेर पडले.

फाटक पहारेकऱ्यांनी माणूस जाईल एवढं उघडलं होतं. मी त्यातून बाहेर गेले आणि डोक्यावर कापड घेऊन सिमेंटवर पाय पसरून बसले. सिमेंट तापलेलं होतं. गलका थांबला. होनियारात सगळ्या बेटांची माणसं असतात, पण बाई अशी बसली म्हणजे काय, हे बघून कळायला भाषा लागत नाही.

कापडाखालून मला फक्त त्याचे पाय दिसत होते. पायात नव्या चपला होत्या. माझा भाऊ चपला घालत नाही. या पहाटवाल्यांनी दिलेल्या, असं मनात आलं आणि मी आणखी घट्ट बसले. ते पाय खूप वेळ हलले नाहीत. गाडीतून कुणीतरी ओरडलं, काका, बाजूने जा ना. तो गेला नाही. मग त्याने वाकून सुपारीचा घड जमिनीवर ठेवला आणि पाय वळले. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. फाटकाच्या आत, गजांना धरून, सिलास उभा होता.

डग्लसने मला हात देऊन उठवलं. त्याला झालेला आनंद तोंडावर मावत नव्हता. म्हणाला, "वहिनी, माझे सगळे पहारेकरी एकीकडे आणि तुम्ही एकीकडे."

तो चांगल्या मनाने बोलला. पण मी त्याचा हात सोडला. इतके दिवस ज्या फाटकाला मी शिव्या दिल्या, त्याचं कुलूप मी स्वतः झाले होते.

दुपारी चहाच्या वेळेला जेवणघरातल्या टीव्हीवर बातमी आली. आमच्या पक्षाचे साहेब आणि पहाटवाल्यांचे साहेब एका सोफ्यावर बसून हात मिळवत होते. देशाच्या भल्यासाठी दोन्ही पक्ष एकत्र येत आहेत, असं आमचे साहेब म्हणाले. त्यांच्या साहेबांनी मान डोलावली. पंतप्रधान आमचे, उपपंतप्रधान त्यांचे. पन्नासातले चाळीसच्या वर एका बाजूला झाले. आता एखाद्या सुट्या नर्सच्या मताला कोण विचारतो? जेवणघरात लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी फाटक सताड उघडलं आणि पहारेकरी सुपारी शोधायला बाजारात गेले.

सिलास डग्लसकडे गेला. मी मागोमाग. डग्लस फोनचा डबा घेऊन ज्याचा त्याला वाटत होता आणि मान वर करत नव्हता. आरोग्य खातं वाटाघाटीत तिकडे गेलं, तो म्हणाला. सिलासने बोटीचं विचारलं. पुढच्या अंदाजपत्रकात बघू, नवे मंत्री आले की त्यांच्या कानावर घालू. गरज सरो आणि वैद्य मरो. सिलासने आमचे दोन्ही फोन घेतले आणि त्याचे आभार मानले. मला त्या माणसाच्या डोक्यात तो डबा घालावासा वाटला.

दिवस कलताना लिडिया आली. ती दादाबरोबर त्याच जहाजाने आलेली होती, आणि दोघांना पहाटवाल्यांनी त्यांच्या हॉटेलात ठेवलं होतं. तिचाही फोन डब्यात होता. आता त्यांचंही फाटक उघडलं, म्हणून ती चालत आली. आम्ही स्वयंपाकघरामागे भिंतीला टेकून बसलो. मग मीच तोफ डागली. कशाला आला तो, काय दिलं त्याला, चपलांवर विकला गेला का?

लिडियाने माझ्याकडे असं बघितलं की मी थांबले.

"त्या चपला मी घेतल्या, ताई. होनियारातला डांबरी रस्ता भाजतो म्हणून." मग ती हळूच म्हणाली, "त्यांनी त्याला बोट देतो म्हणून सांगितलं. मेहुण्याचं मत आणा, पहिल्या महिन्यात दवाखान्याला बोट. तो म्हणाला, आयुष्यात त्या माणसाकडे काही मागितलं नाही, पण पोरीसाठी मागेन."

मला वाटतं मी काहीतरी ओरडले, कारण आतून आचारी बाहेर येऊन बघून गेला. एकाच बोटीचं गाजर दोघांनी दोन खिडक्यांतून दाखवलं होतं. आत सिलास, बाहेर दादा, दोघेही मिरियमसाठी आलेले, आणि त्या दोघांच्या मध्ये बसले कोण, तर मी. एक शब्द कुणी कुणाशी बोललं असतं तर. पण आम्ही बोलणारी माणसं नाही, आणि ज्यांनी आम्हाला कोंडलं त्यांना हे चांगलं ठाऊक असावं. नसलं ठाऊक तरी काय फरक पडतो?

"मी डुक्कर देते," मी लिडियाला म्हटलं. "माळा देते. आईच्या माळा आहेत माझ्याकडे, सगळ्या देते. उद्याच्या जहाजात मला घ्या."

"नेणार कोण?" ती म्हणाली. "डुक्कर आणि माळा कुळाच्या थोरल्याने न्यायच्या असतात."

आमच्या कुळात थोरला दादाच. माझ्या वतीने त्यानेच स्वतःकडे जायचं, हे कसं होणार? लिडिया रडायला लागली. मला रडूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या संसदेत मतदान झालं. सिलासने चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहिलं, ते त्याला कुणीच विचारलं नाही. मीही नाही. दुपारी आमच्या बेटाचं जहाज सुटणार होतं. आम्ही दोघं धक्क्यावर गेलो, पण मी खोबऱ्याच्या पोत्यांच्या थप्पीमागेच थांबले. पुढे जायचा मला हक्क नव्हता. सिलास गेला. आता त्याला कुणाची भीती नव्हती. मागण्यासारखं त्याच्याकडे उरलंच काय होतं? दादा धक्क्याच्या कडेला बसला होता. सिलास त्याच्या शेजारी जाऊन बसला. ज्यांची गाठ पडू नये म्हणून मी भाऊ गमावला, ते दोघे खांद्याला खांदा लावून सुपारी फोडत होते, आणि त्यांच्याजवळ जायला बंदी असलेली त्या अख्ख्या धक्क्यावर मी एकटीच होते. मी दादाची पाठ बघत राहिले. पाठ बघितलेली चालते की नाही, ते मला माहीत नाही. मी बघितली.

भोंगा झाला. दादा उठला, सिलासच्या समोर उभा राहिला आणि काहीतरी बोलला. मग शिडी चढून गेला, मागे न बघता. सिलास माझ्याकडे चालत आला. तोंड लाल, डोळे लाल.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"बोट आण म्हणाला. आणि मिरियमच्या आईला त्याच बोटीतून घरी आण. त्याआधी नको."

"मग तू?"

"हो म्हणालो," सिलास म्हणाला. "सुपारी देऊन मागितली त्याने. नाही कसं म्हणणार?"

जहाज बंदराबाहेर गेलं तोवर आम्ही तिथेच उभे होतो. मग हॉटेल सोडायची वेळ झाली होती, म्हणून आम्ही होनियारात भाड्याची खोली शोधायला निघालो.